थोरलीचं शेवटचं वाक्य

आमच्या समेट केंद्रात एक निळी बादली आहे. बैठक संपली की बैठकीत लिहिलेले सगळे कागद फाडून तिच्यातल्या पाण्यात टाकायचे आणि हाताने कालवून लगदा करायचा, असा नियम आहे. केंद्रात बोललेलं केंद्राबाहेर जायला नको, म्हणून. हे काम पहिल्यापासून माझ्याकडे. कागदावरचं कन्नड मला स्वल्पच वाचता येतं, त्यामुळे ते माझ्याकडे असणं सगळ्यांना बरं वाटतं. शाई आधी सुटते आणि पाणी निळसर होतं. कागद मागाहून विरघळतो.

केंद्र राजाजीनगरात, मार्केटच्या मागे, पिठाच्या गिरणीच्या वरच्या दोन खोल्यांत आहे. सांडपाणी, भिंत, कुत्रं, जिन्यातल्या चपला अशा कारणांवरून भांडलेली माणसं तिथं येतात. केंद्र चालवायला सात जणांचं मंडळ आहे, कुणालाही पगार नाही. अध्यक्ष निवृत्त हेडमास्तर आहेत. कन्नडात मास्तरांना म्हणतात तसं सगळे त्यांना मेष्ट्रू म्हणतात. एक वकीलबाई आहेत. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एचएसआर लेआउटहून दर रविवारी येणारे कंप्यूटर कंपनीतले एक अण्णा आहेत. आणखी तिघं आहेत, त्यांचा या गोष्टीत फारसा संबंध नाही. सातवी मी. सातांतलं एक माणूस आजूबाजूच्या गल्लीतलं आणि कमी शिकलेलं असावं, असं मंडळाच्या नियमात आहे. ती जागा माझी.

मी सीमेकडच्या गावात मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकले आणि लग्न होऊन इथं आले. नवरा गेल्यापासून थोरल्या दिराच्या घरात मागच्या खोलीत राहते, एका खानावळीला चपात्या लाटून देते. घरात मराठी वाचणारं कुणी उरलं नाही, म्हणून ही वही उशाला उघडी पडली तरी चालतं. केंद्रातलं सगळं बोलणं कन्नडात होतं. इथं मी ते मराठीत लिहिते आहे. हे का सांगते ते पुढे कळेल.

मंडळात मेष्ट्रूंनी एक पद्धत घातली आहे. ठराव आला की एकेकानं आपलं मत सांगायचं, आणि सुरुवात सगळ्यांत कमी बोलणाऱ्यापासून करायची. म्हणजे दर वेळी माझ्यापासून.

दुसरी पद्धत परत सांगण्याची. भांडणारा माणूस बोलून झाला की समोर बसलेल्यानं त्याचं म्हणणं त्यालाच परत सांगायचं, आपलं काही घालायचं नाही. तो 'होय, असंच' म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. मेष्ट्रू धडा वाचल्यासारखं सांगतात. वकीलबाई चार वाक्यांचं एक करतात. मला थोडक्यात सांगणं जमत नाही, म्हणून मी सगळंच सांगते, ज्याचं त्याच्या शब्दांत, 'मी' म्हणून. एकदा एक रिक्षावाला मध्येच हसायला लागला.

"अक्का, तुम्ही माझ्यासारखं नाकसुद्धा ओढता की."

मी नाक ओढलं होतं हे मला ठाऊक नव्हतं.

"नाटक कंपनीत जायचं सोडून चपात्या लाटत बसलीस," वकीलबाई म्हणाल्या.

तेव्हापासून अवघड माणूस आलं की परत सांगायला मला बसवू लागले. स्वतःचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून तसंच्या तसं ऐकलं की माणूस गप्प होतो, विचारात पडतो. मंडळाला ते फार उपयोगाचं वाटायचं. मला ते आवडत नव्हतं. संध्याकाळपर्यंत तो आवाज तोंडात राहायचा. एकदा मी दारात भाजीवालीशी बोलत असताना माझी जाऊ आतून धावत आली, कोण पुरुष आला म्हणून.

ज्यांच्यासाठी हे लिहायला घेतलं त्या दोघी जावांची गोष्ट अशी. घर थोरलीच्या नवऱ्याच्या नावावर होतं, मग थोरलीच्या नावावर झालं. धाकटी वरच्या खोलीत राहायची. दोघींचे नवरे गेलेले, धाकटीला मूल नाही, आणि खोलीचा एक कागद नाही. थोरलीच्या मुलाला घर पाडून नवं बांधायचं होतं. धाकटीनं खोली सोडावी असं थोरली म्हणत होती, धाकटी सोडत नव्हती. दोघी केंद्रात यायला तयार झाल्या. आधी एकेकटीची बैठक, मग दोघींची जोड बैठक, असं ठरलं.

थोरली एका मंगळवारी दुपारी आली. मेष्ट्रू लिहायला बसले, मी ऐकायला. बोलण्याआधी तिचा गळा दर वेळी जरासा अडायचा, दातानं दोरा तोडावा तसा आवाज व्हायचा, आणि मग वाक्य यायचं. धाकटी ओले कपडे माझ्या दारावर वाळत घालते. पारव्यांना दाणे टाकते, घाण मी काढायची. घर माझ्या नवऱ्यानं बांधलं, तिचा नवरा नुसता राहिला. असं दीड तास. मी सगळं परत सांगितलं आणि प्रत्येक वेळी ती म्हणाली, "होय, असंच." मग ती गेली. मी कागद बादलीत कालवले.

जोड बैठकीच्या आधीच थोरली वारली. सकाळी अंघोळ करून खुर्चीत बसली ती उठलीच नाही.

तेराव्यानंतर तिच्या मुलानं धाकटीला महिनाभरात खोली रिकामी करायला सांगितलं. धाकटी केंद्रात आली. समेट अर्धा राहिलाय, आता पुरा कोण करणार, असं विचारत होती. मेष्ट्रूंनी मुलाला बोलावलं. पन्नाशीचा, सभ्य माणूस. तो म्हणाला, "आई इथं काय बोलली ते मला सांगा. तिचा शब्द असेल तसं करीन. काढ म्हणाली असेल तर काढीन, ठेव म्हणाली असेल तर ठेवीन."

धाकटी त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तुझी आई काय म्हणाली असेल ते अठ्ठेचाळीस वर्षं पाठ आहे मला. तरी ऐक बाबा, तुझं समाधान होऊ दे."

रविवारी मंडळ बसलं. वकीलबाईंना ते पसंत नव्हतं.

"बाई वारली म्हणून तिचं गुपित उघडं होत नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणूनच मी सांगत होतो, फोनमध्ये रेकॉर्ड ठेवा," एचएसआर लेआउटचे अण्णा म्हणाले.

"ठेवलं असतं तर आता ते मागायला कोर्टाची नोटीस आली असती," वकीलबाई म्हणाल्या.

मेष्ट्रू म्हणाले की दोन्ही बाजू तयार आहेत, म्हातारीची खोली जाते आहे, आणि कागद तर उरलेला नाही. जे आहे ते या एका बाईच्या लक्षात आहे. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. सुरुवात माझ्यापासून.

मी नको म्हणणार होते. हे मी शपथेवर सांगते. वारलेल्या माणसाचं बोलायला मला भीती वाटत होती. मी तोंड उघडलं, गळा जरासा अडला, आणि "सांगते" असा शब्द बाहेर पडला. पुढे तिघांनी हो म्हटलं, तिघांनी नाही. चार विरुद्ध तीन.

त्याच दिवशी दुपारी मुलाला आणि धाकटीला बोलावून समोर बसवलं. रविवार, खाली गिरणी बंद. मी जमिनीकडे बघत सुरू केलं. दारावरचे कपडे. पारव्यांची घाण. धाकटी मान हलवत होती, "हो, हेच ते, हीच आरती." घर कुणी बांधलं, कोण नुसतं राहिलं. सगळं संपलं आणि मी वर बघणार होते, तेवढ्यात गळा पुन्हा अडला. दोरा तुटल्यासारखा तो आवाज खोलीत सगळ्यांनी ऐकला.

"पण माझ्या माघारी तिला तिथून हलवू नका. तिचं घर तेच आहे. म्हातारपणी तिला दुसऱ्याचा जिना चढायला लावू नका."

मुलानं चष्मा काढून हातात धरला.

"ही आईच," तो म्हणाला. माझ्याकडे बघायचं त्यानं टाळलं.

धाकटी जिवंत आहे तोवर खोली तिची, असं त्यानं तिथल्या तिथे लिहून दिलं. वकीलबाईंनी दोघांच्या सह्या घेतल्या. तेवढा एक कागद बादलीत गेला नाही.

जिना उतरताना मेष्ट्रू माझ्या मागे होते. हळूच म्हणाले, "ते शेवटचं मी ऐकलं नव्हतं."

"तुम्ही चहा सांगायला गेला असाल तेव्हा."

"त्या मंगळवारी चहा झालाच नाही. दूध फाटलं होतं."

मी उरलेल्या पायऱ्या भरभर उतरले. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी चपात्या लाटताना मी मनातल्या मनात ती बैठक पहिल्यापासून लावून बघितली. थोरलीचं एकेक वाक्य कन्नडात, तिच्या शब्दांत, मांडणीवरच्या डब्यांसारखं जागच्या जागी होतं. शेवटचं वाक्य तेवढं मराठीत होतं. 'माझ्या माघारी तिला तिथून हलवू नका.' मी ते कन्नडात आठवायला गेले तर आठवेना. मुलासमोर तर मी ते कन्नडातच बोलले होते. आणि थोरलीला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं.

मी लाटणं ठेवलं. हात पिठाचे तसेच.

मीही धाकटी जाऊ आहे. मीही कागद नसलेल्या खोलीत राहते. माझी जाऊ वाईट नाही, पण उद्या तिच्या माघारी तिची मुलं काय करतील ते मला ठाऊक नाही. कुणीतरी असं म्हणून ठेवावं, एवढंच मला वाटत असेल. म्हणजे ते वाक्य माझ्या पोटातून आलं, आणि आवाज तेवढा वारलेल्या बाईचा घेऊन आलं. असं असेल तर मी खोटं बोलले होते, आणि आपण खोटं बोललो हे मला कळलंसुद्धा नव्हतं. पण हे मंडळाला सांगितलं तर वकीलबाई तो कागद ठेवू देणार नाहीत, मुलगा शब्द मागे घेईल, आणि धाकटी रस्त्यावर येईल. मी पुन्हा लाटायला लागले. त्या दिवशीच्या चपात्या जाड झाल्या, खानावळीवाल्यांनी तसं सांगून पाठवलं.

तीनेक आठवड्यांनी दुपारी मी केंद्रात फरशी पुसत होते तेव्हा धाकटी आली. ती माझ्याहून वीस वर्षांनी मोठी. मला तंगी म्हणायची, कन्नडात धाकट्या बहिणीला म्हणतात तसं. वाळली होती.

"तंगी, मी आनेकलला भाचीकडे जाते," ती म्हणाली. "खोली त्याला परत देऊन टाकते. तुमच्या मंडळाला सांगायला आले."

भाचीकडे दोन खोल्यांत सहा माणसं होती, हे तिनंच पूर्वी सांगितलं होतं. मी विचारलं, मुलगा त्रास देतो का.

"तो देवासारखा वागतो. भीती त्याची नाही." ती खुर्चीवर बसली. "जिवंतपणी तिनं मला एक गोड शब्द दिला नाही. आणि आता म्हणते हलवू नका. का म्हणते? मला तिथं कशाला बसवून ठेवते?"

"काही दिसतं का? ऐकू येतं?"

"काही नाही. तेच तर. दुपारी कपडे वाळत घालते ना, तेव्हा वाटतं, खाली दारात उभी राहून वर बघते आहे. पूर्वी ओरडायची. आता ओरडत नाही. नुसती बघते. ओरडली असती तर मी राहिले असते."

माझ्या एका वाक्यानं तिला खोली मिळाली होती, आणि त्याच वाक्यानं ती खोली सोडून चालली होती. मी फडकं पिळलं आणि म्हटलं, चला, मी येते तुमच्याबरोबर.

तिची खोली स्वच्छ होती. एक पलंग, एक शेगडी, दोरीवर एक लुगडं. कठड्यावर पारवे बसले होते. दार लावून घेतल्यावर मी जे सांगायचं ठरवलं होतं ते सांगून टाकलं.

"ते शेवटचं वाक्य थोरल्यांचं नसेल. माझं असेल."

तिनं घडी घालायला दोरीवरचं लुगडं ओढलं. "असेल म्हणजे? तुला ठाऊक नाही?"

"नाही."

"वा. तुमचं मंडळ बरं आहे." मग ती पलंगावर बसली. "तुझं असेल तर तुझ्या आवाजात म्हणून दाखव. तुझं आहे असं कळलं की माझी भीती जाईल. मी पुतण्याला सांगणार नाही."

बरोबर होतं तिचं. मी सरळ उभी राहिले. ते वाक्य माझ्या भाषेत होतं, माझ्या डोक्यात होतं, ते मी माझ्या आवाजात म्हणणार होते. मी श्वास घेतला आणि गळा अडला. दोरा तुटला. बाहेर आलं ते कन्नड होतं.

"पुट्टी, कुठं जातेस. इथंच राहा."

हे मी ठरवलेलं वाक्यसुद्धा नव्हतं. धाकटीच्या हातात घडी घालायला घेतलेलं लुगडं होतं, ते तसंच राहिलं.

"लग्न होऊन आले तेव्हा पहिलं वर्षभर ती मला पुट्टी म्हणायची," ती म्हणाली. "पुढं कधीच नाही."

आता शांतपणे लिहिताना मला माहीत आहे की पुट्टी ही काही गुपित हाक नाही. इथं घरोघरी लहान मुलीला तसं म्हणतात, दिवसातून दहा वेळा माझ्या कानावर पडतं. तेव्हा मात्र मला तिथून निघायचं होतं. पण धाकटी बोलायला लागली होती. माझ्याकडे बघत होती, आणि माझ्याशी बोलत नव्हती.

"पुढं अठ्ठेचाळीस वर्षं मला ए म्हणालीस. माझा नवरा गेला तेव्हा खालून कॉफी पाठवलीस, स्वतः वर आली नाहीस."

सवयीनं मी परत सांगितलं. दुसरं मला काही येत नाही. "कॉफी पाठवली. मी स्वतः वर आले नाही."

"होय, असंच. तुझ्या मुलाला अंगाखांद्यावर मी वाढवलं. मुंज झाली तेव्हा मला मागं बसवलंस."

"मुलाला तू वाढवलंस. मी तुला मागं बसवलं."

"होय, असंच."

एका जागी उभं राहून माझे पाय दुखायला लागले. उन्हाची तिरीप पलंगावरून भिंतीवर गेली. ती एकेक काढत गेली, लहान लहान, कधी पापडाचं, कधी नळाचं. मी परत सांगत गेले. दर वेळी 'मी' म्हणत होते, आणि कोणती मी ते मला कळत नव्हतं. ती रडली नाही. एकदा हसली, दोघींनी मिळून सासऱ्यांच्या पंच्याचं पोतेरं केलं होतं त्या आठवणीवर, आणि मला वाटतं मीही हसले. ते सासरे मी कधी बघितले नाहीत.

शेवटी ती उठली, लुगड्याची घडी पुरी केली.

"बरं अक्का. राहते मी. कपडे दुसरीकडे वाळत घालते. आता तू जा."

"तू राहतेस. कपडे दुसरीकडे घालतेस. मी आता जाते."

"होय, असंच," ती म्हणाली आणि दार उघडून बाजूला झाली.

पुढच्या रविवारी मी मंडळाला सांगितलं की धाकटी घाबरली होती, मी तिच्याकडे गेले, ती बोलली आणि मी परत सांगितलं.

"म्हणजे जोड बैठक झाली म्हणायची," वकीलबाई म्हणाल्या. त्या हसतील असं वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत, त्यांनी पदर खांद्यावरून ओढून घेतला. वाक्य कुणाचं याबद्दल मी काही बोलले नाही. मेष्ट्रूंनी फाटलेल्या दुधाचं नाव काढलं नाही. मग त्यांनीच ठराव मांडला, की वारलेल्या माणसाचं बोलणं या केंद्रात यापुढे कुणी परत सांगायचं नाही. सुरुवात माझ्यापासून झाली. मी हो म्हटलं. सातही जणांनी हो म्हटलं. मला परत सांगायला बसवू नका, एवढं मी वेगळं मागून घेतलं. आता मी फक्त ऐकायला बसते, आणि बादली पाहते.

धाकटी अजून तिच्या खोलीत आहे. आनेकलचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. मुलानं घर पाडायचं सोडून दिलं, तिच्या दाराला रंग लावून दिला. मार्केटात ती मला अधूनमधून दिसते. भाजीपुढे गर्दी असली, आणि मी मागे उभी आहे असं तिला कळलं, की ती पिशवी उचलून बाजूला होते, मान खाली घालते आणि मला वाट करून देते.

"या अक्का," ती म्हणते, "आधी तुम्ही."

पहिल्यांदा मी तिला सांगितलं की असं म्हणू नका, मी केवढी लहान आहे तुमच्याहून. तिनं मान वर केली नाही. आता मी काही म्हणत नाही. पुढे होते आणि भाजी निवडते.